काठमांडूचा रिकामा राजवाडा

आटपाट नगर होतं, तिथं एक राजा राज्य करत होता. आपल्या निम्म्या गोष्टी अशाच सुरू होतात, हो ना? पण समजा, त्या नगरातल्या लोकांनी एके दिवशी सभा भरवली, मतं मोजली आणि राजाला कळवलं, "महाराज, पंधरा दिवसांत राजवाडा रिकामा करा!" तर? मुलांनो, ही कल्पना नाही बरं का. हे खरोखर घडलंय, आणि तेही आपल्या शेजारी, नेपाळात. तारीख होती २८ मे २००८. मतं पडली ५६० विरुद्ध ४. शाह राजांची जवळजवळ दोनशे चाळीस वर्षांची गादी त्या रात्री संपली.

गादी संपली, वाद मात्र संपला नाही. राजा हवा की नको, यावरून काठमांडूत आजही चहाच्या दुकानात माणसं हमरीतुमरीवर येतात. तो वाद मी माझ्या कानांनी ऐकला. त्याचीच ही हकिगत.

२०२५ ची भाऊबीज उरकली आणि दादा, वहिनी, सातवीतली भाची आणि मी असे चौघं निघालो. लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून बसनं सुनौली. सुनौलीला एक कमान आहे. कमानीच्या अलीकडे भारत, पलीकडे नेपाळ. आपल्याला ना पासपोर्ट लागतो ना व्हिसा. सायकलवर भाजीची टोपली ठेवून माणसं इकडून तिकडे जातात! फक्त घड्याळ पाव तास पुढं करायचं. भाचीला याचं फार अप्रूप वाटलं. एक पाऊल टाकलं की पंधरा मिनिटं गायब!

तिथं आपला एक रुपया म्हणजे त्यांचा एक रुपया साठ पैसे. पैसे बदलून घेतले तर नोटांवर एव्हरेस्ट. नेपाळी लोक त्याला सगरमाथा म्हणतात. मागच्या बाजूला शंभराच्या नोटेवर गेंडा, पाचशेच्या नोटेवर वाघ, हजाराच्या नोटेवर हत्ती. पूर्वी याच नोटांवर राजाचा चेहरा असायचा. २००७ पासून तो गेला आणि तिथं डोंगर आला. "डोंगर बरा. तो बदलावा लागत नाही," पैसे बदलून देणारा हसत म्हणाला.

त्रिशुली नदीच्या काठानं रात्रभर बस वळणं घेत होती. पहाटे काठमांडूत उतरलो. दिवाळी तिथंही होते, तिला तिहार म्हणतात. दारोदारी झेंडूच्या माळा अजून लटकत होत्या, जरा सुकलेल्या. आम्ही उतरलो त्या लॉजच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर साल २०८२! तिथं विक्रम संवत चालतं. भाचीनं सवयीप्रमाणं आधी सुट्ट्या शोधल्या आणि ओरडली, "आत्या, यांच्याकडे लोकशाहीचे तीन-तीन दिवस आहेत!"

खरंच होते. फाल्गुनातला प्रजातंत्र दिवस, वैशाखातला लोकतंत्र दिवस आणि जेठातला गणतंत्र दिवस. या तीन दिवसांत नेपाळची सगळी गोष्ट आहे. जरा नीट ऐका हं.

गोरखा नावाच्या छोट्या राज्याचा राजा पृथ्वीनारायण शाह यानं १७६८ साली काठमांडू जिंकलं आणि आजच्या नेपाळचा पाया घातला. पुढं १८४६ साली राणा घराण्यानं कारभार बळकावला. राजा नावाला गादीवर, आणि पंतप्रधानकी मात्र राणांच्या घरात, तीही वंशपरंपरेनं! राजाच्या नावामागं पाच श्री, राणांच्या नावामागं तीन. शंभर वर्षं असं चाललं. मग १९५० च्या नोव्हेंबरात राजा त्रिभुवन आपल्या कुटुंबाला घेऊन काठमांडूतल्या भारतीय वकिलातीत शिरला आणि तिथून विमानानं दिल्लीला आला. जाताना एक नातू मागं राहिला होता, तीन वर्षांचा. राणांनी त्यालाच राजा करून टाकलं! पण राणांचा डाव फसला. त्रिभुवन परत आला आणि १९५१ च्या फेब्रुवारीत राणांची सद्दी संपली. तो पहिला दिवस, प्रजातंत्र दिवस.

म्हणजे बघा, नेपाळात लोकशाही आणली तेव्हा राजा लोकांच्या बाजूनं होता. पुढचा राजा महेंद्र मात्र तसा निघाला नाही. १९५९ साली पहिली निवडणूक झाली, विश्वेश्वरप्रसाद कोइराला पंतप्रधान झाले. दीड वर्षात महेंद्रानं त्यांना पदावरून काढलं आणि तुरुंगात टाकलं. आठ वर्षं! राजकीय पक्षांवर बंदी आली, ती तीस वर्षं टिकली. १९९० साली लोक रस्त्यावर उतरले तेव्हा राजा वीरेंद्रनं ती उठवली आणि राज्यघटना मान्य केली. राजा राहिला, पण घटनेच्या चौकटीत.

मग १ जून २००१ ची रात्र आली. राजवाड्यात घरच्यांचं जेवण होतं आणि तिथंच गोळीबार झाला. राजा, राणी, त्यांची मुलं, आणखी नातेवाईक, सगळे गेले. युवराज दीपेंद्रनंच गोळ्या झाडल्या, असं चौकशी समितीनं सांगितलं. तोही तीन दिवसांनी वारला. नेपाळात आजही अनेकांचा यावर विश्वास बसत नाही. गादीवर आला वीरेंद्रचा भाऊ ज्ञानेंद्र. हा कोण माहीत आहे? राणांनी १९५० साली राजा केलेला तोच तीन वर्षांचा नातू! एकच माणूस दोनदा राजा झाला आणि दोन्ही वेळा गादी सुखाची लाभली नाही.

तेव्हा देशात माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यात युद्ध चालू होतं. १९९६ ते २००६ या दहा वर्षांत हजारो माणसं मेली. ज्ञानेंद्रनं १ फेब्रुवारी २००५ रोजी सगळी सत्ता आपल्या हातात घेतली, पुढाऱ्यांना घरात कोंडलं, देशभरचे टेलिफोन बंद केले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये लोक एकोणीस दिवस संचारबंदी मोडून रस्त्यावर येत राहिले आणि राजाला माघार घ्यावी लागली. तो लोकतंत्र दिवस. आणि २००८ चा २८ मे, तो गणतंत्र दिवस.

यातली एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून फार आवडली. २००६ च्या आंदोलनात लोकांनी 'प्रजातंत्र' हा शब्दच बाजूला ठेवला. प्रजा कुणाची असते? राजाची. मग आम्ही प्रजा कशाला म्हणवून घ्यायचं? म्हणून 'लोकतंत्र'. आपण मात्र २६ जानेवारीला अजून 'प्रजासत्ताक दिन'च म्हणतो. राजा नाही, प्रजा तेवढी उरली!

दुसऱ्या दिवशी राजवाडा बघायला गेलो. त्याचं नाव नारायणहिटी. हिटी म्हणजे नेवारी भाषेत दगडी झरा, आपल्या गोमुखासारखा. तिथं नारायणाचं देऊळ आणि झरा आहे, म्हणून हे नाव. २००९ पासून राजवाड्याचं संग्रहालय झालंय. पिशव्या, कॅमेरे, मोबाईल सगळं बाहेर ठेवायचं आणि रांगेत उभं राहायचं. एकेकाळी जिथं परवानगीशिवाय पाखरू आत जात नसे, तिथं आमच्या पुढं एक आजी पायांतल्या चपला हातात घेऊन चालल्या होत्या. देवळात जाताना काढतात तशा! शिपायानं त्यांना सांगितलं, "आजी, घाला चपला. आता इथं राजा नाही." आजींनी घातल्या नाहीत.

आत काय काय आहे सांगू? जिन्याशी पेंढा भरलेले वाघ. भिंतीवर देशोदेशीच्या पाहुण्यांच्या तसबिरी. दालनांना नेपाळमधल्या जिल्ह्यांची नावं, म्हणजे आपल्याकडे 'सातारा दिवाणखाना', 'रत्नागिरी खोली' म्हणावं तसं. सिंहासन आहे त्या दालनाचं नाव गोरखा बैठक. केवढं झुंबर ते! राजाची झोपायची खोली मात्र बघितली तर आजच्या मानानं अगदीच साधी. भाची म्हणाली, "एवढ्या मोठ्या घरात टीव्ही एवढासाच?"

२०१८ पासून इथं राजाचा मुकुटही मांडलाय. रत्नं जडवलेला, वर स्वर्गीय पक्ष्याच्या पिसांचा तुरा. ११ जून २००८ रोजी ज्ञानेंद्रनं मुकुट आणि राजदंड सरकारच्या ताब्यात दिला, पत्रकारांना निवेदन वाचून दाखवलं आणि गाडीत बसून तो निघून गेला. रक्ताचा थेंब सांडला नाही. जगात राजांच्या गाद्या गेल्या त्या बहुतेक अशा शांतपणे गेलेल्या नाहीत, हे त्याच्या नावावर लिहायलाच हवं. तो देश सोडून पळूनही गेला नाही. काठमांडूतच राहिला, एक साधा नागरिक म्हणून. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच्या समर्थकांच्या मोर्चात जाळपोळ झाली, तेव्हा काठमांडू महानगरपालिकेनं चक्क त्याच्या नावानं दंडाची नोटीस काढली! राजाला नोटीस! असं कुठल्या गोष्टीत वाचलंय का?

राजवाड्याच्या मागच्या अंगाला २००१ च्या त्या रात्रीची जागा आहे. ते घर पाडलंय, जोतं तेवढं उरलंय. कोण कुठं पडलं त्याच्या पाट्या लावल्यात. तिथं कुणी बोलत नव्हतं. आम्हीही लवकर बाहेर आलो.

आता तो वाद. बसंतपूरच्या चौकाजवळ एका दुकानात चहा प्यायला बसलो. नेपाळीत चहाला चिया म्हणतात. गल्ल्यावर सत्तरीचे काका, डोक्याला ढाका टोपी. शेजारी त्यांची कॉलेजात जाणारी नात. दादानं सहज विचारलं, "काय काका, राजा गेला ते बरं झालं का?" झालं! चहा तसाच राहिला.

काका म्हणाले, "बहिनी, तुम्हीच सांगा." (बहिनी म्हणजे धाकटी बहीण. मला उद्देशून होतं ते.) "राजा एकटा खायचा. आता शंभर जण खातात. २००८ पासून सरकार डझनभरापेक्षा जास्त वेळा बदललं. एक पंतप्रधान पाच वर्षं टिकला नाही. पोरं विमानतळावर रांगा लावून आखाती देशांत मजुरीला जातात. आमच्यात नेवार आहेत, थारू आहेत, शेर्पा आहेत, मधेसी आहेत. सगळ्यांचा म्हणून एक कुणीतरी नको का? घरात कर्ता माणूस लागतोच ना?"

नात लगेच म्हणाली, "हजुरबुबा, कर्ता माणूस चुकला तर घरातले त्याला बोलू शकतात. राजाला कोण बोलणार होतं? २००५ साली तुमचाच फोन बंद होता ना?"

"होता."

"मग? आणि आमचा पहिला राष्ट्रपती कोण झाला? रामबरन यादव. तराईतल्या शेतकऱ्याचा मुलगा, डॉक्टर झालेला. दुसरी कोण? विद्यादेवी भंडारी. बाई! राजाच्या राज्यात या दोघांना राजवाड्यात चहाला तरी बोलावलं असतं का?"

काका थोडे गप्प बसले. मग त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. "राजवाडा बघून आलात ना? एक काच फुटलेली दिसली? आणि यांची संसद बघा. सिंहदरबार बघा. कोळसा झालाय. मी नाही जाळली. या पोरांनी जाळली. राजाचं घर ठेवलं आणि स्वतः निवडलेल्यांची घरं पेटवली. आता बोल."

मुलांनो, हे सप्टेंबर २०२५ मधलं. सरकारनं २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. पुढाऱ्यांच्या भ्रष्टाचाराला आधीच विटलेली तरुण मुलं ८ सप्टेंबरला रस्त्यावर आली. त्यांत शाळेच्या गणवेशातलीही होती. पोलिसांनी गोळ्या चालवल्या, पहिल्याच दिवशी १९ जण मेले. दुसऱ्या दिवशी जमावानं संसद, सर्वोच्च न्यायालय, सरकारी कचेऱ्या, राष्ट्रपतींचं कार्यालय पेटवून दिलं. पंतप्रधानांनी राजीनामा दिला. मृतांचा आकडा सत्तरच्या वर गेला.

ती मुलगी बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत राहिली. आठ तारखेला ती त्या गर्दीत होती. तिच्या वर्गातल्या एकाच्या पायाला गोळी लागली होती. शेवटी म्हणाली, "जाळायला नको होतं. पण आम्ही राजा मागायला गेलो नव्हतो, हिशेब मागायला गेलो होतो. आणि बघा, चार दिवसांत दुसरं सरकार आलं. सुशीला कार्की पंतप्रधान झाल्या, आधी सरन्यायाधीश होत्या त्या. निवडणुकीची तारीखही लागलीय, ५ मार्च २०२६. राजा असता तर तारीख मिळाली असती?"

काका म्हणाले, "तारीख मिळते गं. माणूस मिळत नाही." आणि उठून आमच्यासाठी पुन्हा दूध चढवलं. चहाचे पैसे काही घेईनात.

मला वाटतं, काकांचं एक दुखणं खरं आहे. ते त्यांनी निघताना सांगितलं. "आम्हाला कुणी विचारलं? राजा हवा की नको, अशी चिठ्ठी माझ्या हातात कधी आली नाही." खरंच आली नाही. एप्रिल २००८ मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली. मोठ्या पक्षांनी आधीच ठरवलं होतं की राजा नको, आणि सभेच्या पहिल्याच बैठकीत तसा ठराव झाला. लोकांनी निवडलेल्या सभेनंच केला, त्यामुळं बेकायदा म्हणता येणार नाही. पण थेट प्रश्न घरोघर गेला नाही.

इतर देशांनी काय केलं ते बघा. इटलीत २ जून १९४६ ला हाच प्रश्न थेट लोकांना विचारला. सुमारे सव्वा कोटी मतं 'राजा नको', एक कोटी सात लाख 'राजा हवा'. राजा गेला. ऑस्ट्रेलियात १९९९ साली विचारलं, तर तिथल्या लोकांनी बदल नको म्हणून सांगितलं आणि इंग्लंडची राणीच त्यांचीही राणी राहिली. बार्बाडोस बेटानं २०२१ साली लोकमत न घेता संसदेतच ठराव करून राणीला निरोप दिला. सगळ्यात गंमत नॉर्वेची! १९०५ साली त्यांनी मतदान करून राजा आणला. दर पाचांतल्या जवळजवळ चौघांनी सांगितलं, आम्हाला राजा हवा! आता मतं घेऊन आणलेल्या राजाला काय म्हणायचं, सांगा बरं.

वहिनीनं मला विचारलं, "तुझं मत काय?" मी म्हटलं, मला राजा नकोच. चांगला राजा मिळणं हे नशिबावर, आणि वाईट मिळाला तर तो मरेपर्यंत वाट बघायची. वीरेंद्रसारखा भला राजा मिळाला म्हणून त्याचा भाऊ तसाच असेल असं नाही, हे नेपाळनं भोगलंय. शिवाय काही राजांनाही हे उमगलं होतं. आमच्या सातारा जिल्ह्यातलं औंध संस्थान बघा. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, इंग्रज असतानाच, आपण होऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला, गावोगावच्या पंचायतींना अधिकार दिले. पण काठमांडूच्या काकांना चिठ्ठी द्यायला हवी होती, असंही मला वाटतं. ती दिली असती, तरी माझ्या अंदाजानं २००८ साली राजा हरलाच असता. मग काकांना निदान 'मला विचारलं नाही' असं म्हणता आलं नसतं. दादाला हे पटलं नाही. दहा वर्षांचं युद्ध नुकतं थांबलेलं असताना असा प्रश्न घरोघर नेला असता तर पुन्हा आग लागली असती, असं त्याचं म्हणणं. आम्ही लॉजवर परत येईपर्यंत भांडत होतो.

संध्याकाळी नवीन बानेश्वरला गेलो. रस्त्यावरूनच ती संसदेची इमारत बघितली, काळवंडलेली. २८ मे २००८ ला ५६० विरुद्ध ४ अशी मतं पडली ती याच इमारतीत, हे दादानं सांगितलं तेव्हा भाची एकदम म्हणाली, "म्हणजे ज्या घरात राजाला 'जा' म्हणाले, तेच घर जाळलं?" कुणाला उत्तर सुचलं नाही.

बसंतपूरच्या कुमारी घराचंही सांगायला हवं. तिथं नेवार समाजातली एक लहान मुलगी देवी म्हणून राहते. इंद्रजात्रेच्या दिवसांत राजा तिच्यापुढं गुडघे टेकून कपाळाला टिळा लावून घ्यायचा. राजा गेला, टिळा राहिला. २००८ पासून राष्ट्रपती तो लावून घेतात. दसऱ्याला, म्हणजे तिकडच्या दशैंला, राजाच्या हातून टिळा लावून घ्यायला लोक राजवाड्यासमोर रांगा लावायचे. तीही प्रथा पुढं राष्ट्रपतींकडं गेली.

शेवटच्या दिवशी बागमती ओलांडून पाटणला गेलो. याला ललितपूरही म्हणतात. शाह राजे येण्याआधी काठमांडू, पाटण आणि भक्तपूर ही मल्ल राजांची तीन वेगळी राज्यं होती. पाटणच्या राजवाड्यासमोर एक उंच दगडी खांब आहे. वर राजा योगनरेंद्र मल्लाची मूर्ती बसलेली, डोक्यावर नागाचा फणा, आणि फण्यावर एक इवलासा पक्षी. हा राजा १७०५ साली वारला. पण दंतकथा अशी, की जोवर तो पक्षी तिथून उडून जात नाही, तोवर राजा कधीही परत येऊ शकतो. म्हणून म्हणे राजवाड्याची एक खिडकी कायम उघडी ठेवायची आणि राजासाठी हुक्का तयार ठेवायचा.

भाची उन्हात डोळ्यांवर हात धरून कितीतरी वेळ वर बघत होती. "आहे गं आत्या. अजून आहे."

मग तिला ती खिडकी बघायची होती. चौकात ओट्यावर ऊन खात बसलेल्या तीन आजोबांना आम्ही विचारलं. तिघांनी तीन वेगळ्या खिडक्या दाखवल्या आणि आम्हाला विसरून आपसांतच वाद घालत बसले.